कंपवात की त्याच्यासारखा दुसरा आजार? मेंदूचा एमआरआय मागवण्यापासून वाचण्यापर्यंत

पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णाचा साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. इंदूरमध्ये रिपोर्टचं पाकीट टेबलावर पुढे सरकवत नातेवाईक विचारतात, "मॅडम, काहीच निघालं नाही. म्हणजे बाबांना कंपवात नाही ना?" तसं नसतं. कंपवातात मिडब्रेनमधल्या, म्हणजे मेंदूच्या देठाच्या वरच्या भागातल्या, सब्स्टँशिया नायग्रा नावाच्या पट्ट्यातल्या, डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतात. त्या मेल्या तरी मेंदूच्या आकारात नजरेला दिसेल असा फरक पडत नाही. कंपवाताचं निदान न्यूरॉलॉजिस्ट करतो, रुग्णाला चालवून, बोटं आपटायला लावून, मनगटाचा ताठपणा पाहून. एमआरआय लागतो तो दुसऱ्याच कामाला: कंपवातासारखे दिसणारे पण वेगळ्या वाटेने जाणारे आजार बाजूला काढायला.

गोम आहे ती मागणीत. फॉर्मवर "एमआरआय ब्रेन, प्लेन" एवढंच लिहिलं, तर रेडिओलॉजिस्ट पक्षाघात आणि गाठ शोधतो, ती सापडत नाही, आणि "वयानुरूप बदल" लिहून मोकळा होतो. मी स्वतः हेच काम करते, म्हणून सांगते: प्रश्न माहीत नसेल तर उत्तर समोर असूनही दिसत नाही. पुढचं सगळं खरगोन, धार, देवासच्या फॅमिली डॉक्टरांसाठी आहे आणि घरातल्या त्या एका माणसासाठीही, जो फायली सांभाळतो.

पहिली पायरी: मशीनच्या आधी माणूस

कंपवात सहसा एका बाजूने सुरू होतो. विसावलेला हात थरथरतो, चालताना तो हात कमी हलतो, अक्षर बारीक होत जातं. कित्येकांची वास ओळखण्याची क्षमता आधीच गेलेली असते. झोपेत ओरडणं, लाथा झाडणं तर काही वर्षं आधीपासून चालू असतं. लेव्होडोपाची गोळी, म्हणजे कंपवाताचं मुख्य औषध, पुरेशा डोसात सुरू केली की चांगला गुण येतो. या चित्रात काही बसत नसेल, तर तो न बसणारा तुकडा कागदावर लिहून घ्या.

रुग्ण आजाराच्या सुरुवातीच्या काळातच पडू लागला, तेही मागच्या मागे, तर पीएसपी मनात आणा. पूर्ण नाव प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी; स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की या तिघांनी १९६४ मध्ये त्याचं वर्णन केलं. त्यात नजर वर-खाली जाणं मंदावतं, विशेषतः खाली. जिना उतरताना पायरी दिसत नाही, ताटातलं दिसत नाही. पोह्यांवरची शेव तोंडात कमी आणि शर्टावर जास्त जाते, आणि घरचे म्हणतात, बाबा आता लहान मुलासारखं खातात. मान ताठ, चेहरा कायम चकित झाल्यासारखा. डोळ्यांचा नंबर बदलून आणि चष्म्याची दोन-तीन दुकानं फिरून मग हे रुग्ण न्यूरॉलॉजिस्टकडे पोचतात.

दुसरा एमएसए, मल्टिपल सिस्टिम अ‍ॅट्रॉफी. यात शरीराची आपोआप चालणारी कामं बिघडतात: उभं राहिलं की अंधारी, लघवी तुंबणं किंवा न थांबणं, झोपेत श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. काहींना कंपवातासारखा ताठरपणा जास्त असतो, त्याला एमएसए-पी म्हणतात. काहींची चाल झोकांड्या खाणारी आणि जीभ जड, ते एमएसए-सी. फॅमिली डॉक्टरने यासाठी फक्त बीपीचं यंत्र काढायचं आहे. रुग्णाला पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते ठळक लिहा. ही तपासणी फुकट आहे, आणि तरीही सगळ्यात कमी केली जाते.

एकच हात हुकूम मानत नाही, बटण लावताना गोंधळतो, आपला नसल्यासारखा वागतो: हे कॉर्टिकोबेसल सिंड्रोमकडे बोट दाखवतं. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणं आणि विसराळूपणा असं त्रिकूट असेल तर एनपीएच, म्हणजे मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठण्याचा आजार. हात ठीकठाक, पण कमरेखाली सगळं जड; जोडीला जुना मधुमेह, रक्तदाब: रक्तवाहिन्यांमुळे आलेला पार्किन्सनिझम, म्हणजे कंपवातासारखी लक्षणं, असू शकतो.

दुसरी पायरी: औषधांची पिशवी टेबलावर ओता

एमआरआयची तारीख घेण्याआधी हे कराच. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारासाठीच्या काही गोळ्या, फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट: ही सगळी औषधं कंपवाताची हुबेहूब नक्कल करू शकतात. पण आपल्याकडचा खरा गुन्हेगार बरेचदा लेव्होसल्पिराइड असतं. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोल किंवा राबेप्राझोलच्या कॅप्सूलमध्ये ते जोडीने येतं, लोक केमिस्टकडून परस्पर आणतात आणि वर्षानुवर्षं सकाळी चहाच्या आधी घेतात. "ती तर गॅसची गोळी आहे" असं म्हणून ती यादीत सांगतच नाहीत. औषधाने आलेल्या कंपवातात एमआरआय नॉर्मल असतो, असायलाच हवा. औषध बंद केल्यावर सुधारणा दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात. मनोविकाराच्या आणि फिट्सच्या गोळ्या मात्र स्वतःहून थांबवायच्या नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारायचं.

तिसरी पायरी: फॉर्मवर काय लिहायचं

चार ओळी पुरतात. उदाहरणार्थ: "वय ६७. दोन वर्षांपासून मंदपणा, दोन्ही बाजू सारख्या. पहिल्याच वर्षी चार वेळा मागे पडले. लेव्होडोपाला गुण नाही. खाली बघणं कमी. पीएसपी की एमएसए की एनपीएच? मिडब्रेन-पॉन्सची मापं द्यावीत. पातळ छेदांचा थ्रीडी टी-१ आणि एसडब्ल्यूआय करावा." शेवटची दोन वाक्यं फार महत्त्वाची. (पॉन्स म्हणजे मिडब्रेनच्या लगेच खालचा, मेंदूच्या देठाचा फुगीर भाग.) एकदा रुग्ण टेबलावरून उतरून खंडव्याच्या बसमध्ये बसला, की राहिलेली सिक्वेन्स, म्हणजे चित्र घेण्याची एखादी पद्धत, करायला कोणी परत बोलवत नाही.

तांत्रिक बाजू थोडक्यात. थ्रीडी टी-१, साधारण १ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बरोबर मधोमध उभा छेद काढता येतो. आडवा टी-२ आणि फ्लेअर. डिफ्यूजन. आणि एसडब्ल्यूआय, ज्यात लोह काळं दिसतं. शिरेतून रंगद्रव्य, म्हणजे गॅडोलिनियम, या कामाला सहसा लागत नाही. गाठ किंवा संसर्गाचा संशय असेल तरच. टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप; १.५ टेस्लाच्या मशीनवर मिडब्रेन, पॉन्स आणि पोकळ्या व्यवस्थित मोजता येतात. ३ टेस्ला हवं ते प्रामुख्याने सब्स्टँशिया नायग्राच्या आत डोकावण्यासाठी. तेव्हा केवळ ३ टेस्ला मिळत नाही म्हणून तपासणी महिनोन्महिने लांबवण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी: रुग्णाला तयार करणं

पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, कंपवातासाठी मेंदूत बसवलेलं डीबीएसचं यंत्र यांपैकी काही असेल तर तारीख ठरवतानाच सांगा आणि त्याचं कार्ड सोबत न्या. काही यंत्रं विशिष्ट अटींवर चालतात, काही अजिबात नाहीत. हृदयातला स्टेंट बहुधा चालतो, तरी सांगायचा. जोडवी, मंगळसूत्र, कडं, तारेची कवळी घरीच काढून ठेवा. बोटात रुतलेली जोडवी ऐनवेळी निघत नाहीत.

गोळी चुकवू नका. "टेस्ट आहे म्हणून सकाळपासून काहीच दिलं नाही" हे वाक्य ऐकलं की पुढची चाळीस मिनिटं कशी जाणार ते कळतं. लेव्होडोपाचा अंमल चढलेला असताना थरथर कमी असते आणि चित्र स्वच्छ येतं, म्हणून अपॉइंटमेंट त्या वेळेची मागा. मात्र अंमल शिगेला असताना ज्यांचं अंग आपोआप वळवळतं, त्यांच्यासाठी वेळ न्यूरॉलॉजिस्टला विचारूनच ठरवावी. पुढचा डोस खिशात ठेवा, कारण रांग लांबते.

बोगद्यात घाबरणाऱ्यांना आधी मशीन दाखवलं तरी निम्मी भीती जाते. झोपेचं इंजेक्शन सरसकट देऊ नये, विशेषतः एमएसएचा संशय असेल तर; त्यात श्वासाचा अडथळा आणि रक्तदाब दोन्ही अडचणीचे. पीएसपीच्या रुग्णाला सपाट झोपल्यावर लाळ गिळता येत नाही, ठसका लागतो. तंत्रज्ञाला तसं आधी सांगा आणि हातातला घंटीचा फुगा दाबता येतो ना ते बघा. तपासणी संपल्यावर एकदम उभं करू नका. आधी बसवा, पाय खाली सोडू द्या, दोन मिनिटं थांबा.

पाचवी पायरी: चित्र वाचण्याचा क्रम

क्रमाबद्दल माझा हट्ट आहे. आधी जे बरं होऊ शकतं ते शोधायचं, मग जे नाव द्यायचं ते.

म्हणून सुरुवात कवटी आणि मेंदूच्या मधल्या फटीपासून. म्हाताऱ्या माणसाच्या किरकोळ पडण्यानंतर साठलेलं जुनं रक्त, म्हणजे सबड्युरल, मंदपणा आणि बिघडलेली चाल दोन्ही देऊ शकतं. त्यानंतर पोकळ्या. पोकळ्यांच्या पुढच्या टोकांची, म्हणजे शिंगांची, सर्वाधिक रुंदी भागिले त्याच छेदातली कवटीची आतली सर्वाधिक रुंदी, हा इव्हान्स निर्देशांक. तो ०.३ च्या वर गेला तर पोकळ्या मोठ्या आहेत, एवढंच सिद्ध होतं. सुकलेल्या मेंदूतही त्या मोठ्या होतात. एनपीएच म्हणायला आणखी दोन गोष्टी लागतात. माथ्याजवळच्या खाचा दाटून बंद, आणि बाजूची सिल्व्हियन खाच मात्र ऐसपैस. आणि कॉर्पस कॅलोझमचा, म्हणजे दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पट्ट्याचा, कोन, जो मागच्या कॉमिशरच्या (दोन बाजू जोडणाऱ्या छोट्या तंतूंच्या) पातळीवर, पुढच्या-मागच्या कॉमिशरना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात घेतलेल्या कोरोनल, म्हणजे समोरून दिसणाऱ्या उभ्या, छेदात मोजतात, तो ९० अंशांच्या खाली. हे जुळलं तर पुढची पायरी कमरेतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून आधीची आणि नंतरची चाल तपासण्याची. चालीचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. "जरा बरं वाटलं" यावर शंटची, म्हणजे साठलेलं पाणी वळवणारी नळी बसवण्याची, शस्त्रक्रिया ठरवणं बरोबर नाही.

मग पांढऱ्या भागातले डाग आणि छोटे जुने इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेले भाग. डागांना फझेकास श्रेणी लावतात, ० ते ३. साठी-सत्तरीत थोडे डाग बहुतेकांना असतात. श्रेणी १ बघून "व्हॅस्क्युलर पार्किन्सनिझम" लिहिणं म्हणजे खऱ्या कंपवाताच्या माणसाला लेव्होडोपापासून वंचित ठेवणं. डाग भरपूर असावेत, बेसल गँग्लियात, म्हणजे मेंदूच्या खोल भागातल्या हालचालींच्या केंद्रांत, इन्फार्क्ट असावेत आणि त्रास मुख्यतः पायांचा असावा, तेव्हाच ते नाव शोभतं.

आता मधोमध उभा छेद. पीएसपीचं निदान बहुतेकदा इथेच उभं राहतं. निरोगी माणसात मिडब्रेनचा वरचा भाग फुगीर असतो. पीएसपीत तो सपाट होतो किंवा खचतो आणि खालचा पॉन्स तसाच भरलेला राहतो. त्यामुळे बाजूने पाहिल्यास हमिंगबर्डचं बारीक डोकं, लांब चोच आणि गोल पोट दिसतं. पुस्तकांत त्याला हमिंगबर्ड साइन म्हणतात. आडव्या छेदात मिडब्रेनच्या दोन्ही कडा आत वळतात, त्याला मॉर्निंग ग्लोरी. नुसत्या नजरेवर विसंबू नका, मोजा.

सगळ्यात सोपं माप असं. मधोमध छेदात मिडब्रेन आणि पॉन्स या दोहोंभोवती लंबगोल कल्पा आणि त्यांच्या लांब अक्षाला काटकोनात जाडी घ्या. मिडब्रेन ९.३५ मिलिमीटरच्या खाली किंवा मिडब्रेन भागिले पॉन्स ०.५२ च्या खाली गेलं तर पीएसपीचा संशय बळावतो. हे आकडे २०१३ मध्ये, मृत्यूनंतर मेंदू तपासून निदान पक्कं झालेल्या रुग्णांवरून आले, म्हणून माझा त्यांच्यावर भरवसा जास्त आहे. क्षेत्रफळ घेत असाल तर निरोगी मिडब्रेन १०० चौरस मिलिमीटरच्या वर असतो आणि पीएसपीत ७० च्या खाली उतरतो. आणखी खोलात जायचं तर एमआरपीआय: पॉन्सचं क्षेत्रफळ भागिले मिडब्रेनचं, गुणिले मधल्या सेरेबेलर पेडंकलची (लहान मेंदूला देठाशी जोडणाऱ्या दांड्याची) रुंदी भागिले वरच्या पेडंकलची रुंदी. क्वाट्रोने आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये १३.५५ ही सीमा मांडली. पुढे २०१८ मध्ये त्यांनीच त्यात तिसऱ्या पोकळीची रुंदी भागिले पुढच्या शिंगांची रुंदी हा गुणक जोडून दुसरी आवृत्ती काढली. वरचा पेडंकल फार बारीक असतो, त्याच्या मापात अर्ध्या मिलिमीटरची चूकही निर्देशांक हलवते. रोजच्या कामात मला जाडीचं साधं गुणोत्तर पुरतं. एमआरपीआय मी अडलेल्या केससाठी राखून ठेवते.

एक सापळा इथेच सांगते. एनपीएचमध्ये मोठ्या झालेल्या पोकळ्यांमुळेही मिडब्रेन लहान दिसू शकतो आणि सगळी मापं पीएसपीकडे झुकतात. पोकळ्या आधी बघायचा हट्ट त्यासाठी.

पॉन्स आणि लहान मेंदू आता. एमएसएत, त्यातही एमएसए-सीमध्ये, पॉन्स सपाट होतो, मधला पेडंकल बारीक होतो आणि टी-२ वर पांढरा झळकतो. पॉन्सच्या आडव्या छेदात पांढरी फुली उमटते, तिला हॉट क्रॉस बन म्हणतात; पॉन्समधून लहान मेंदूकडे जाणारे तंतू झडल्याची ती खूण. फुली दिसली म्हणून थांबायचं नाही. आनुवंशिक अटॅक्सिया, म्हणजे तोल बिघडवणारे घराण्यातले आजार, विशेषतः एससीए-२ हा प्रकार, हीच फुली दाखवू शकतात. काका, आत्या, भावंडं कोणी झोकांड्या खात चालत होतं का, हा प्रश्न राहून गेला असेल तर आता विचारा. हाताची थरथर, घराणं अग्रवाल समाजातलं आणि मेंदू आक्रसलेला, असं असेल तर एससीए-१२ ची जनुक तपासणी सुचवावी. उत्तर भारतात हा प्रकार त्या समाजात आढळल्याची चांगली नोंद आहे.

एमएसए-पीची खूण पुटामेनमध्ये, म्हणजे बेसल गँग्लियाच्या बाहेरच्या भागात. त्याची बाहेरची फुगीर कड सपाट होते, मागचा-बाहेरचा भाग एसडब्ल्यूआयवर काळा पडतो, आणि कडेला टी-२ वर पांढरी रेघ दिसते. सापळे दोन. वयानुसार पुटामेनमध्ये लोह साठतंच, म्हणून शेजारच्या ग्लोबस पॅलिडसशी तुलना करा. पुटामेन तितकाच किंवा अधिक काळा असेल तरच महत्त्व द्या. आणि ३ टेस्लावर ती बारीक पांढरी रेघ निरोगी माणसातही दिसते, त्यामुळे एकट्या रेघेवर निदान टांगू नका.

कॉर्टिकोबेसलसाठी दोन्ही गोलार्ध समोरासमोर ठेवा. बिघडलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला पुढचा आणि वरचा भाग जास्त सुकलेला असतो. फरक सूक्ष्म असू शकतो. फॉर्मवर "उजवा हात" एवढं लिहिलेलं असलं तरी रेडिओलॉजिस्टचं लक्ष डाव्या बाजूला जातं.

शेवटी सब्स्टँशिया नायग्रा. ३ टेस्लावर पातळ एसडब्ल्यूआयमध्ये तिच्या मागच्या भागात दोन काळ्या पट्ट्यांमध्ये एक पांढुरका ठिपका दिसतो, नायग्रोसोम-१. तो असला की आकृती दुभंगलेल्या शेपटीसारखी दिसते, म्हणून स्वॅलो टेल. कंपवातात तो पुसला जातो. पण एमएसए आणि पीएसपीतही पुसला जातो! म्हणजे ही खूण कंपवात आणि एसेन्शियल ट्रेमर (फक्त थरथरीचा वेगळा आजार), किंवा कंपवात आणि औषधाचा परिणाम, हे वेगळं करायला उपयोगी. आपल्या मुख्य प्रश्नाला तिचा उपयोग नाही. आपल्याकडे डोपामिनच्या पेशींचं चित्र देणारा ट्रोडॅट स्कॅन होतो, त्याची मर्यादाही नेमकी हीच.

तरुण रुग्ण, आणि एकाच बाजूचं झाडणं

चाळिशीच्या आत कुठलाही हालचालींचा विकार दिसला तर विल्सन्स डिसीज नाकारल्याशिवाय पुढे जाऊ नये. शरीरात तांबं साठतं, उपचार आहेत, उशीर महागात पडतो. एमआरआयमध्ये टी-२ वर पुटामेन, थॅलॅमस आणि ब्रेनस्टेम पांढरे. कधी मिडब्रेनमध्ये पांडाचा चेहरा. पांडा दिसला नाही तरी सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन), २४ तासांच्या लघवीतलं तांबं आणि स्लिट लॅम्पवर डोळ्यातली तांब्याची कडी तपासा.

मधुमेही आजीचा एकच हात-पाय अचानक झाडू लागला आणि साखर खूप वाढलेली, तर विरुद्ध बाजूचा पुटामेन टी-१ वर पांढरा झळकतो. सीटीवरही तो पांढरट दिसतो आणि रक्तस्राव समजला जातो. साखर आटोक्यात आली की बहुतेकांचं झाडणं उतरतं. टी-१ वर दोन्ही ग्लोबस पॅलिडस पांढरे असतील तर यकृताचा जुना आजार आणि मँगॅनीजशी संबंध, दोन्ही विचारा. कॅल्शियम साठल्याचा संशय असेल तर एमआरआयपेक्षा साधा सीटी बरा, आणि सोबत रक्तातलं कॅल्शियम.

सहावी पायरी: रिपोर्ट हाती आल्यावर

रिपोर्टमध्ये मिडब्रेन आणि पॉन्सची मापं, पोकळ्यांचा निर्देशांक, पुटामेनबद्दल एक ओळ आणि तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे का ते बघा. नसेल तर तसं सांगून पुरवणी रिपोर्ट मागा; प्रतिमा कॉम्प्युटरवर आहेत, रुग्णाला पुन्हा झोपवावं लागत नाही. रेडिओलॉजिस्टला फोन करायला संकोच नको, आम्हाला उलट बरं वाटतं.

या खुणा दिसल्या तर त्यांचं वजन मोठं; न दिसल्या तर आजार नाही असं ठरत नाही, कारण सुरुवातीच्या काळात पीएसपी आणि एमएसएचा एमआरआयही नॉर्मल असू शकतो. माप सीमेवर असेल आणि लक्षणं पक्क्या कंपवाताची असतील, तर लक्षणांना माना. लेव्होडोपा पुरेशा डोसात, किमान महिनाभर देऊन पाहिल्याशिवाय "गुण नाही" असा शिक्का मारू नका, आणि कुठल्याही रिपोर्टवरून ती अचानक बंद तर मुळीच करू नका.

संशय कायम असेल तर पुन्हा एमआरआय साधारण वर्ष-दीड वर्षाने, शक्यतो त्याच मशीनवर आणि त्याच प्रोटोकॉलने. त्याआधी दर दोन-तीन महिन्यांनी केलेल्या तपासण्यांनी फक्त खर्च वाढतो. पहिल्या वेळचा डायकॉम डेटा, म्हणजे मूळ डिजिटल प्रतिमा, पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा. फिल्मवरून मिलिमीटर मोजता येत नाहीत आणि सीडी दोन वर्षांनी उघडेलच असं नाही. दुसऱ्या वेळी जुना डेटा तारखेच्या दिवशीच द्या, आणि दोन्ही वेळची मापं एकाच माणसाने, एकाच बैठकीत पुन्हा घ्यावीत असं फॉर्मवर लिहा. मिडब्रेनमधला एक मिलिमीटरचा फरक आजाराचा आहे की मोजणाऱ्याच्या हाताचा, हे त्याशिवाय कळत नाही.